ब्रिंजलचा प्रवास

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. मास्तरांनी फळ्यावर भाज्यांची नावं लिहिली. वांगं म्हणजे ब्रिंजल, असं घोकत मी घरी आलो. घरात बोली दखनी. दादीनं विचारलं, ‘आज क्या पढ्या रे?’ मी म्हटलं, ‘बैंगन को ब्रिंजल बोलते.’ ती हसली, ‘वोइच तो है. नाम जरा बिगड्या.’

दादीला अक्षरओळख नव्हती, पण तिचा कान पक्का होता. पुढे बी.ए.ला असताना मी ग्रंथालयात ‘हॉबसन-जॉबसन’ चाळला. हिंदुस्थानात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा हा कोश यूल आणि बर्नेल यांनी केला, तो १८८६ साली निघाला. त्यात ब्रिंजल होतं. संस्कृतातलं वातिंगण फारसीत बादिंगान झालं, अरबीत बादिंजान. अरबांबरोबर ते स्पेन-पोर्तुगालला पोचलं. तिथल्या पोर्तुगीजांनी ते बेरिंजेला म्हणून आपल्या किनाऱ्यावर परत आणलं आणि इंग्रजांनी ते इथंच उचललं. म्हणून तर इंग्लंडात वांग्याला ब्रिंजल नव्हे, ओबर्जीन म्हणतात. तेही त्याच अरबी शब्दाचं, फ्रान्समार्गे आलेलं रूप!

२००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पोरांचा अभ्यास घेता यावा म्हणून मोहल्ल्यातल्या काही आया संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागल्या. पुस्तक उघडलं की त्यांचा आवाजच बसे. मग मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरातून सुरुवात केली. शुगर म्हणजे आपलीच शर्करा; फारसीत शकर, अरबीत सुक्कर होऊन युरोपात गेलेली. ऑरेंज म्हणजे नारंग. वाटेत त्याचा ‘न’ गळाला. आपला पाव पोर्तुगीजांचा, बटाटाही त्यांच्याच तोंडून आलेला. पण बटाटा आणि पोटॅटो या दोघांचंही मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत आहे. तिथं तो शब्द रताळ्याचा होता. यावर एकजण म्हणाली, ‘म्हणजे इंग्रजांनीपण उसनंच आणलंय की!’ त्या दिवसापासून आवाज मोकळे झाले.

मटणाशी मात्र गाडी अडली. पुस्तकात मटण म्हणजे मेंढीचं मांस. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते बोकडाचं. शब्द मूळचा फ्रेंच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. मेंढरं राखणाऱ्यांच्या तोंडी शीप राहिलं, ताटात वाढलेल्या मांसाला जेत्यांच्या भाषेतलं नाव मिळालं. काउ आणि बीफ, पिग आणि पोर्क यांचंही तेच. वॉल्टर स्कॉटनं १८१९च्या ‘आयव्हन्हो’ कादंबरीत डुकरं राखणारा गुराखी आणि एक विदूषक यांच्या बोलण्यात हे गमतीनं आणलंय. बायकांना ती गंमत लगेच कळली. राबणारा कोण आणि जेवणारा कोण, हे त्यांना निराळं समजावून सांगावं लागलं नाही.

शाळेत असताना ‘माझी न्याहारी’ या विषयावर मी ‘आय ईट भाकरी’ असं लिहिलं होतं. भाकरीवर लाल शाई फिरली आणि वर ‘ब्रेड’ आलं. आमच्या घरी ब्रेड फक्त कुणी आजारी पडलं तरच येई. वही घरी न्यायला मला लाज वाटली होती; खोटं लिहिल्यासारखं वाटलं होतं.

तोच विषय मी या वर्गाला दिला. चौघींनी भाकरी लिहिली, एकीनं शिळी भाकरी आणि चहा. ‘शिळी’ला ‘स्टेल’ शब्द सांगितला. भाकरी तशीच ठेवली.