न तोडलेल्या झाडाची किंमत

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडे आहे. देवरुख-संगमेश्वरकडे डोंगरावर दिसणारे बहुतेक रान कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर असते. याचे मूळ दोनशे वर्षे मागे जाते. पेशवाई संपल्यावर, १८२० च्या दशकात, इथला कलेक्टर डनलॉप याने खातेदारांच्या जमिनीतील सागासकट झाडांवरचा सरकारी हक्क सोडून दिला. हक्क मिळाला की लोक झाडे लावतील, असा त्याचा होरा होता. पण मुंबईला सरपण हवे होते. खाड्यांतून लाकडाची गलबते निघाली. पुढे कोळशाच्या भट्ट्या, आंब्याच्या पेट्या, चिपळूणकडचे कात कारखाने आले. ठरावीक वर्षांनी रान तोडायचे, फुटवे वाढू द्यायचे आणि पुन्हा तोडायचे, अशी रीतच पडली.

याच सुमारास जगात दुसरीकडे झाडांचा एक नवाच हिशेब सुरू झाला. १९८८ साली अमेरिकेतील एईएस या वीजकंपनीने कनेक्टिकटमधील आपल्या १८३ मेगावॉटच्या कोळशावरील केंद्राच्या धुराची भरपाई म्हणून ग्वाटेमालात शेतकऱ्यांकडून झाडे लावून घेण्यासाठी पैसे दिले. हवा सगळ्यांची एकच, तेव्हा शास्त्रदृष्ट्या यात चूक नाही. १९९७ च्या क्योतो कराराने या देवघेवीला नियम दिले. एक टन कार्बन डायऑक्साइड टळला की एक क्रेडिट.

वर्गात हा हिशेब फळ्यावर करता येतो. एका झाडात १००० किलो सुके लाकूड धरू. त्यात निम्मा, म्हणजे ५०० किलो कार्बन. त्याला ४४ भागिले १२ ने गुणले की सुमारे १८३० किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आता जयगडचे १२०० मेगावॉटचे कोळशावरील वीजकेंद्र घेऊ. ते पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला हजार टनांहून अधिक वायू सोडते. म्हणजे दर तासाला अशी साडेपाचशे पूर्ण वाढलेली झाडे! 'झाडे लावा आणि निश्चिंत व्हा' म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करावे.

मात्र क्योतोच्या नियमांत रत्नागिरीचे रान बसलेच नाही. उभे जंगल राखण्याला तिथे क्रेडिट नव्हते. ३१ डिसेंबर १९८९ रोजी जिथे जंगल नव्हते, अशाच जमिनीवर पुन्हा झाडे लावली तर ते मिळे. न तोडण्याचा मोबदला द्यावा, ही चर्चा २००७ च्या बाली परिषदेनंतर जोरात आली. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने खासगी रानमालकांशी संवर्धन करार केले आहेत. ठरावीक वर्षे तोड करायची नाही, त्याबद्दल मोबदला घ्यायचा. घरात लग्न वा आजारपण निघाले की रान विकणाऱ्या कुटुंबाला हा आधार खरा आहे, असे आम्हाला वाटते.

पण क्रेडिट म्हटले की एक चमत्कारिक प्रश्न येतो : पैसे दिले नसते, तर हे झाड तुटले असते का? जो कुऱ्हाड घेऊन उभा आहे, त्याचे उत्तर 'हो' येते आणि तो पात्र ठरतो. शेजारच्या गावाने देवरहाटीतले बेहडे आणि सातविणी पिढ्यान् पिढ्या राखले, ते तसेही तुटणार नव्हते. म्हणून त्या गावाला काही नाही. शिवाय 'तुटले असते' हे सिद्ध कसे करायचे? २०२३ साली ब्रिटनमधील 'गार्डियन' आणि जर्मनीतील 'डी त्साइट' यांनी वर्षावनांच्या क्रेडिटांची तपासणी छापली, ती याच मुद्द्यावर : टळलेली तोड फुगवून मोजली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. क्रेडिटे देणाऱ्या संस्थेने तो नाकारला.

भारताने २०२३ च्या जूनमध्ये स्वतःच्या कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. पुढेमागे एखादा दलाल कोकणातल्या रानापर्यंत पोहोचेल, तेव्हा त्याला कागदावर सह्या लागतील. डनलॉपने ज्यांना झाडे दिली, त्यांच्या वारसांची सातबाऱ्यावर आज वीस-पंचवीस नावे असतात, आणि त्यांतली बरीच मंडळी मुंबईला. कोळशातून सुटलेल्या वायूचा बराच भाग शेकडो वर्षे हवेत राहतो, आणि रान तितका काळ राखण्याचे वचन या सर्वांनी मिळून द्यायचे आहे.