पांढरे दूध, पिवळे तूप

गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी आणि पलीकडे मुलुंडपर्यंतच्या तबेल्यांनी मुंबईला सवय लावली ती म्हशीच्या दुधाची. आणि 1949 मध्ये शहराच्या दाट वस्तीतील जनावरे बाहेर हलवण्यासाठी गोरेगावच्या टेकड्यांत सुमारे 1,287 हेक्टरांवर आरे दुग्धवसाहत उभी राहिली, तेव्हाही तेथील गोठ्यांत मुख्यतः म्हशीच बांधल्या गेल्या. या म्हशी आरेतच पिकवलेले हिरवेगार पॅरा गवत खात, तरी त्यांचे दूध शुभ्र आणि तूप पांढरेच निघे. तसलाच चारा खाणाऱ्या गाईचे तूप मात्र पिवळे. गिऱ्हाइकाने या रंगावरून कधी कस, कधी शुद्धता ताडली, पण तो मुळात दोन्हींचा पुरावा नव्हताच.

हिरव्या चाऱ्यातील पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. त्यांपैकी बीटा-कॅरोटिनचा रेणू एक विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, मधोमध तोडते आणि त्यातून अ जीवनसत्त्व तयार होते. म्हैस खाल्लेले बीटा-कॅरोटिन जवळजवळ सगळे असे बदलून टाकते, त्यामुळे तिच्या रक्तात आणि दुधात रंगहीन जीवनसत्त्वच उतरते. गाईच्या रक्तात मात्र बरेचसे कॅरोटिन तसेच राहून स्निग्धांशाबरोबर दुधात येते. गाई-गाईंतही भेद असतो: बीसीओ-2 या जनुकातील एका बिघाडामुळे काही गाईंचे दूध अधिक पिवळे होते, असे न्यूझीलंडमधील संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले.

माणसेही याला अपवाद नाहीत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, वरील विकराच्या बीसीओ-1 या जनुकात दोन विशिष्ट बदल एकत्र असलेल्या स्त्रियांमध्ये बीटा-कॅरोटिनचे रूपांतर 69 टक्क्यांनी कमी आढळले. ल्युटिन आणि झिॲक्सँथिन या दोन कॅरोटिनॉइडांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांचे जीवनसत्त्व होत नाही. पालेभाज्या व मक्यातून येणारी ही द्रव्ये रक्तातील मेदकणांवर बसून डोळ्यापर्यंत पोहोचतात आणि दृष्टिपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूत साठून निळा प्रकाश गाळतात. आतड्यात त्यांना आत घेणाऱ्या आणि डोळ्यात धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची जनुके व्यक्तिगणिक थोडी वेगळी असल्याने, एकाच घरात एकच मेथीची भाजी खाणाऱ्या दोघांच्या पीतबिंदूची घनता सारखी असेलच असे नाही.

ज्याचे शरीर कॅरोटिन सावकाश बदलते, त्याला म्हशीच्या दुधात ते काम आयते झालेले मिळते. मात्र हे जीवनसत्त्व स्निग्धांशात असते, आणि मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी 1946 मध्ये प्रचारात आणलेले टोन्ड दूध म्हणजे पाणी व साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश कमी केलेले म्हशीचे दूध. स्वस्त आणि अनेकांना पुरणारे, पण त्या प्रमाणात अ जीवनसत्त्वाला मुकलेले. अशा दुधात ते वरून घालण्याची मानके केंद्राच्या 2018 च्या नियमांत आली.