नॉरफोक बेटाचा ८ जून

पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, नॉरफोक नावाचे चिमुकले बेट आहे. दरवर्षी ८ जूनला तेथील कुटुंबे जुन्या धाटणीची वस्त्रे लेऊन किंग्स्टनच्या धक्क्यावर जमतात. १८५६ साली याच दिवशी त्यांचे पूर्वज ‘मोरेशर’ जहाजातून येथे उतरले. तो प्रसंग पुन्हा उभा केला जातो. मग मंडळी चालत दफनभूमीत जाऊन पूर्वजांच्या थडग्यांपाशी स्तोत्रे गातात, आणि दिवस सहभोजनात सरतो.

या दिवसाचे नाव मात्र ‘बाउंटी डे’. वास्तविक ‘बाउंटी’ जहाज नॉरफोकला कधी आलेच नाही. १७८९ मध्ये फ्लेचर क्रिश्चनच्या नेतृत्वाखाली बंड करून खलाशांनी ते बळकावले आणि २३ जानेवारी १७९० रोजी दूरच्या पिटकेर्न बेटाशी जाळून टाकले. तेथे नऊ बंडखोर होते, सहा पॉलिनेशियन पुरुष होते आणि डझनभर पॉलिनेशियन स्त्रिया होत्या. त्यांतील कित्येकींना फसवून आणलेले. पुढे रक्तपात माजला. १८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज तेथे पोहोचले, तेव्हा प्रौढ पुरुष एकच उरला होता : जॉन ॲडम्स. जहाजावरील बायबल घेऊन तो मुलांना वाचायला, प्रार्थना करायला शिकवीत होता. पश्चात्तापाची ही कथा आम्हा प्रवचनकारांना फार प्रिय आहे, आणि ती खरीही आहे.

पण ती अपुरी आहे. त्या सहा पॉलिनेशियन पुरुषांना संतती झाली नाही. म्हणजे पिटकेर्नचे प्रत्येक मूल त्या स्त्रियांच्याच कुशीतले. झाडाच्या सालीचे तापा वस्त्र त्यांनीच कुटून केले. नॉरफोकच्या बोलीत आजही इंग्रजीच्या जोडीला ताहितीचे शब्द आहेत, पानात केळ्याची ‘पिल्ही’ आहे. १८३८ मध्ये पिटकेर्नच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, ब्रिटनच्या पुष्कळ आधी. अशा समाजात ते नवल नव्हे.

लोकसंख्या वाढून पिटकेर्न अपुरे पडू लागले. नॉरफोकवरील कैद्यांची वसाहत १८५५ मध्ये बंद झाली होती, ते बेट ब्रिटिश सरकारने त्यांना दिले. जेमतेम दोनशे जण, सारे गावच, निघून आले. पुढे काही कुटुंबे मात्र पिटकेर्नला परतली.

८ जूनला धक्क्यावर जमणाऱ्या घराण्यांची आडनावे क्रिश्चन, क्विंटल, ॲडम्स, यंग, मकॉय अशी आहेत, सारी पुरुषांची. मूळ वसाहतकारांपैकी अखेरची व्यक्ती मात्र स्त्री होती. तिचे नाव तेराउरा. ती १८५० मध्ये पिटकेर्नवरच निवर्तली, म्हणून नॉरफोकच्या दफनभूमीत स्तोत्रे गायिली जातात तेव्हा त्या आद्य मातांपैकी एकीचेही थडगे तेथे नसते.