अस्त्रांवर अस्त्र

वसईजवळच्या नालासोपाऱ्याचें प्राचीन नांव शूर्पारक. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेंच मिळाला. महाभारत मात्र आणखी जुनी आठवण सांगतें. शांतिपर्वानुसार ही भूमि समुद्रानें परशुरामासाठीं मोकळी केली. हाच परशुराम कर्णाचा अस्त्रगुरु. म्हणून अस्त्रांच्या नियमांचा विचार येथून आरंभूं.

१९७४ सालीं अमेरिकेंत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फांशांचा खेळ निघाला. त्यांत दोन मंत्रप्रयोग एकमेकांशीं भिडले, कीं कोणता नियम वरचढ, यावर खेळाडू तासन्‌तास वाद घालतात. असाच वाद महाभारताच्या कवीपुढेंही होता.

द्रोणपर्वांतील नारायणास्त्राला प्रतिकार केला कीं तें अधिकच भडकतें. शस्त्र टाकून रथाखालीं उतरणाऱ्याला तें शिवत नाहीं. भीमानें ऐकलें नाहीं, तेव्हां कृष्णार्जुनांनीं त्याला ओढून खालीं उतरविलें. दुर्योधनानें तेंच अस्त्र पुन्हां सोडावयास सांगितलें, तर अश्वत्थामा उत्तरला, कीं दुसऱ्यांदा सोडल्यास तें सोडणाऱ्यावरच उलटेल. कर्णाची गोष्ट याहून निराळी. आपण ब्राह्मण आहों असें सांगून त्यानें ब्रह्मास्त्र मिळविलें. परंतु गुरूचा शाप असा, कीं ऐन मृत्युसमयीं तें आठवणार नाहीं. येथें विद्या खरी, पण शाप तिच्याहून बलवान. व्याकरणांत अपवाद उत्सर्गाला बाधतो, तसाच हा प्रकार.

खरी कसोटी सौप्तिकपर्वांत लागते. अश्वत्थाम्यानें गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडलें; अर्जुनानेंही तेंच सोडलें. दोन्हीं समान; मग निर्णय कसा व्हावा? नियम असा, कीं जेथें या अस्त्राचें दुसऱ्या महास्त्रानें निवारण होतें, त्या देशांत बारा वर्षें पाऊस पडत नाहीं. म्हणजे जिंकणाराही हरलाच! म्हणून नारद आणि व्यास मध्यें उभे राहिले. अर्जुन व्रतस्थ, त्यानें अस्त्र आवरलें. अश्वत्थाम्याला तें साधेना. त्यानें तें पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळविलें. उत्तरेचें मूल मृत जन्मलें आणि कृष्णानें त्याला जिवंत केलें.

तेव्हां अस्त्राचें बळ कितीही असो, त्याच्या वर त्याची अट, आणि अटीच्याही वर सोडणाऱ्याचा अधिकार. हा अधिकार मंत्र पाठ केल्यानें येत नाहीं. सोडलेलें परत घेतां येणें, हीच त्याची खूण.