आमच्या दगडांचे बंदर

बंदर म्हटले की आपल्या मराठी मनापुढे मुंबई उभी राहते. फार तर रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले. शिडे, डोलकाठ्या, सुकत घातलेली मासळी आणि खारा वारा. आमच्या गोंदियाकडे यांतले काहीच नाही. इथला माणूस पाणी पाहतो ते वैनगंगेचे, वाघ नदीचे आणि जुन्या मालगुजारी तलावांचे. इथला वारा येतो धानाच्या बांध्यांवरून, आणि गिरणीजवळून गेला तर त्याला कोंड्याचा वास येतो. तेव्हा गोंदियाच्या माणसाने बंदराचा इतिहास सांगायला बसावे म्हणजे वाळवंटातल्या माणसाने धानाच्या रोवणीवर व्याख्यान द्यावे, तसेच वाचकांना वाटेल. पण फराळाचे ताट जवळ घेऊन वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर यावे. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक मोठे बंदर आमच्या या कोरड्या मुलखासाठी बांधले गेले, ही गोष्ट आमच्याच लोकांना फारशी ठाऊक नाही. ते बंदर म्हणजे विशाखापट्टणम. गोंदियापासून रेल्वेने ते सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे.

या गोष्टीचा नायक एक काळा दगड आहे. त्याचे नाव मँगनीज. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतून त्याचा पट्टा गेलेला आहे. दिसायला काळाकुट्ट, हाती घेतला तर आकाराच्या मानाने फार जड, आणि बोटांना काळे फासणारा. पण या दगडावाचून पोलाद होत नाही. लोखंडातले गंधक आणि प्राणवायू काढून टाकण्याचे काम तो करतो. तो नसेल तर तापलेले पोलाद ठोकताना तडकते. आगगाडीचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे सतत आदळणाऱ्या चाकांचा मार सोसणारे पोलाद लागते, आणि त्यात तर मँगनीज भरपूर असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका यांच्या पोलादाच्या भट्ट्या धडधडत होत्या आणि त्यांना हा दगड हवा होता. तो मुख्यतः रशियाच्या कॉकेशसमधून जात असे. पुढे रशिया-जपान युद्ध आणि १९०५ ची क्रांती यांनी तिकडचा व्यापार विस्कटला, आणि गिऱ्हाइकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. काही वर्षांतच हिंदुस्थानने मँगनीजच्या उत्पादनात रशियाला मागे टाकले. १९०९ साली भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी हिंदुस्थानातील मँगनीजवर भला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आमच्या मध्य प्रांताला मानाचे पान आहे.

खाणी गोंदियाच्या नव्हत्या. गोंदियाचा होता धक्का. हा शब्द मोठा मजेचा आहे. मुंबईत भाऊचा धक्का आहे, तिथे गलबते लागतात. आणि आमच्या स्टेशनावर मालधक्का आहे, तिथे वाघिणी लागतात. आपल्या भाषेने समुद्राचा काठ आणि रेल्वेचा काठ यांना एकच नाव दिले. माल जिथे एक वाहन सोडून दुसऱ्यात चढतो तो धक्का, एवढेच तिने पाहिले. खाली पाणी आहे की खडी, याची चौकशी केली नाही.

गोंदियाला हे वाहन बदलणे अटळ होते. नागपूर-कलकत्ता मार्ग हा बेंगाल नागपूर रेल्वेचा, म्हणजे मोठी लाईन. तिच्या दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट. बालाघाट, नैनपूर आणि जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची लाईन छोटी. तिचे अंतर अडीच फूट. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ती सुरू झाली. छोट्या लाईनीची वाघीण मोठ्या लाईनीवर चढू शकत नाही. त्यामुळे बालाघाटकडून आलेला दगड गोंदियात उतरायचा आणि माणसांच्या डोक्यावरून मोठ्या वाघिणीत जायचा. दगड इतका जड की वाघीण निम्मीसुद्धा भरायची नाही तोच तिचे वजन पुरे होई. बघणाऱ्याला वाटावे, गाडी रिकामीच चालली आहे. आमच्या लहानपणी छोटी गाडी अजून चालत होती. आता ती गेली, जबलपूरपर्यंत मोठे रूळ पडले, आणि उतरवून पुन्हा चढवण्याचे ते कामही इतिहासजमा झाले.

गोंदियाहून निघालेला दगड पूर्वी कुठे जाई? एक तर पश्चिमेला मुंबईस, साडेनऊशेहून अधिक किलोमीटर आणि वाटेत सह्याद्रीचा घाट. नाही तर पूर्वेला कलकत्त्यास, तेही जवळजवळ हजार किलोमीटर. दगडासारखा माल स्वस्त आणि जड. त्याच्या किमतीपेक्षा त्याचे भाडे जास्त होण्याची भीती. मधल्या प्रदेशाला जवळचे बंदर नव्हते, कारण कलकत्ता आणि मद्रास यांच्या दरम्यान मोठ्या जहाजाला निवाऱ्याने उभे राहता येईल अशी जागाच बांधलेली नव्हती. विशाखापट्टणमला जहाजे येत, पण ती उघड्या समुद्रात नांगर टाकून राहत आणि माल होड्यांतून न्यावा लागे. गंमत अशी की हिंदुस्थानात मँगनीज प्रथम खणले गेले ते १८९० नंतर त्याच मुलखात. पण तेवढ्यासाठी कोणी बंदर बांधले नाही. मध्य प्रांताचा माल दिसू लागला तेव्हा हिशेब जुळला.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलाकडील कर्नल कार्टराइट रीड यांनी मांडलेली बंदराची योजना सरकारने मान्य केली. काम दिले कोणाला? आमच्याच गोंदियावरून गाड्या नेणाऱ्या बेंगाल नागपूर रेल्वेला! बंदर बांधणारी रेल्वे कंपनी ऐकून आज नवल वाटेल. पण ज्याच्या वाघिणीत माल भरलेला आहे त्यालाच तो रिकामा करण्याची घाई असणार, हे उघड आहे. या कंपनीने दोन कामे हाती घेतली. रायपूरपासून ओरिसाच्या डोंगरांतून विजयानगरमला जाणारा लोहमार्ग १९३१ साली पुरा झाला. आणि १९२७ ते १९३३ या सहा वर्षांत बंदर खोदले गेले.

खोदले हा शब्द मी मुद्दाम वापरतो. विशाखापट्टणमच्या दक्षिणेस एक डोंगर समुद्रात नाक खुपसून बसला आहे. इंग्रजांनी त्याला डॉल्फिनचे नाक म्हटले. त्या डोंगराच्या आड, भरतीच्या पाण्याने भिजणारी मोठी दलदल होती. ती उपसून आत जहाजांसाठी जागा केली आणि समुद्रापासून तिथवर एक अरुंद वाट काढली. पण या किनाऱ्याचा एक जुना रोग आहे. पावसाळी वाऱ्याच्या लाटा दक्षिणेकडून उत्तरेकडे रेती ढकलत नेतात. खोदलेली वाट त्या रेतीने बुजून जायची. यावर इंजिनियरांनी विलक्षण उपाय केला. दोन जुनी जहाजे दगडांनी भरून वाटेच्या दक्षिणेस बुडवली आणि त्यांचाच बांध केला. त्याच्या आड साचणारी रेती यंत्राने उपसत राहायची, असा बेत. जहाजांना निवारा मिळावा म्हणून जहाजांनीच जलसमाधी घेतली!

बंदराला खर्च आला ३७८ लाख रुपये. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सिंदिया कंपनीचे ‘जलदुर्गा’ हे जहाज आत आले आणि १९ डिसेंबर १९३३ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते बंदराचे उद्घाटन झाले. तेव्हा धक्क्यावर जहाजांसाठी तीन जागा होत्या आणि वर्षाचा माल होता सुमारे १.३ लाख टन. मुहूर्त मात्र काही चांगला नव्हता. जगभर मंदी पसरली होती, पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या होत्या, आणि ज्या दगडासाठी हा सारा खटाटोप केला त्याच्या अनेक खाणी बंद पडल्या होत्या. मंदी ओसरली तेव्हा दगड पुन्हा चालू लागला.

पहिले जहाज सिंदियाचे होते, यात मराठी माणसाने जरा थांबावे. ही कंपनी १९१९ साली उभी करणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेल्या ‘लॉयल्टी’ या जहाजावर तिचा आरंभ झाला, म्हणून तिला सिंदिया हे नाव. याच वालचंदांनी जहाजे बांधण्याचा कारखाना काढण्यासाठी पुढे विशाखापट्टणमच निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्याची कोनशिला बसवली. वर्ष उलटले नाही तोच, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी त्या गावावर बाँब टाकले. तरी १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेले ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. आमच्या दगडांसाठी खणलेल्या त्या दलदलीच्या काठी स्वतंत्र भारताचे जहाज तयार झाले, हे काय थोडे झाले?

पण इतिहासात नावे येतात ती व्हाइसरॉयांची, कर्नलांची आणि कारखानदारांची. खाणीवर बसून हातोडीने दगड फोडणाऱ्या आणि चांगला-वाईट निवडणाऱ्या बायांची नावे येत नाहीत. धक्क्यावर पाट्या वाहणाऱ्यांचीही नाहीत. आमच्या वस्तीत एक म्हातारबुवा होते. त्यांच्या तरुणपणाची कित्येक वर्षे मालधक्क्यावर दगड वाहण्यात गेली होती. मी एकदा विशाखापट्टणमला जाऊन आलो, हे कळल्यावर ते मुद्दाम घरी आले. देवदर्शनाची चौकशी नाही, समुद्राची नाही. त्यांनी विचारले, “गुरुजी, तिकडं आपला गोटा कोठी ठेवतेत जी?”

मी त्यांना पाहिले तसे सांगितले. वाघीणच्या वाघीण यंत्रात धरून उलटी करतात, माल खाली पट्ट्यावर पडतो, पट्टा तो वाहून नेतो, ढीग लागतात, आणि ढिगातून पुन्हा पट्ट्यावरून तो थेट जहाजाच्या पोटात जातो. १९६० साली जपानशी करार झाला आणि बैलाडिल्याचे लोखंडी खनिज या बंदरातून जाऊ लागले. त्या सुमारास ही यंत्रे आली. मोठ्या जहाजांना आतली जागा पुरेना, म्हणून १९७० नंतरच्या दशकात बाहेरचे बंदर बांधले गेले. तिथे आज दीड लाख टनांहून मोठी जहाजे लागतात. २००३ पासून पेट्यांतून येणाऱ्या मालासाठी, म्हणजे कंटेनरांसाठी, वेगळा धक्का आहे. तेल, कोळसा, खत, धान्य, प्रत्येकाची जागा ठरलेली. पहिल्या वर्षीच्या १.३ लाख टनांच्या जागी आज वर्षाला ८ कोटी टनांहून अधिक माल हाताळला जातो. म्हाताऱ्याने सारे शांतपणे ऐकले आणि म्हटले, “म्हणजे आता डोक्स्यावर नाई.” त्यांच्या आवाजात आनंद होता की हळहळ, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही असेल.

त्यांच्या प्रश्नाला मात्र दुसरेही एक उत्तर आहे, आणि ते मी त्यांना दिले नाही. आपला गोटा आता तिकडे फारसा जातच नाही. आमच्या पट्ट्यातला उत्तम प्रतीचा दगड कित्येक दशके कच्चाच परदेशी गेला. पोलाद तिकडे झाले, आणि आपण रूळ व यंत्रे विकत घेतली. स्वातंत्र्यानंतर शहाणपण येऊ लागले. तुमसरच्या मँगनीज व्यापारातील सराफ घराण्याने १९५० नंतरच्या दशकात विजयानगरमजवळ गरिविडीला, म्हणजे बंदराच्या वाटेवरच, मिश्रधातूचा कारखाना काढला. १९६२ साली आज मॉइल या नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी निघाली. भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गला आणि बालाघाटच्या भरवेलीला तिच्या खाणी आहेत. भरवेलीची खाण तर आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. तिथला दगड आता देशातल्याच कारखान्यांना जातो. पण पोलादाची भूक इतकी वाढली आहे की तो पुरत नाही. आज भारत दक्षिण आफ्रिका आणि गॅबन येथून मँगनीज आणतो, आणि ते उतरते कुठे? विशाखापट्टणमच्या धक्क्यावर!

जे दार आमचा दगड बाहेर नेण्यासाठी उघडले, त्याच दारातून परक्याचा दगड आत येतो आहे. यात बंदराचा दोष नाही. धक्क्याला दिशा नसते; जाणारा आणि येणारा, दोन्ही त्याला सारखे. दिशा ठरवायची असते ती माणसांनी. गोंदियाहून आजही तांदूळ जातो, तेंदूपत्ता जातो आणि हाताला काम शोधणारी पोरेही जातात. कच्चे काय पाठवायचे आणि पक्के करून काय पाठवायचे, हा प्रश्न दगडाबरोबर संपलेला नाही.

माझ्या वर्गात मुले नकाशात बंदरे भरतात. विशाखापट्टणमच्या ठिपक्याशी आली की मी त्यांना तिथून बालाघाटपर्यंत मागे रेघ ओढायला लावतो. ती आंध्र, ओडिशा, छत्तीसगड आणि महाराष्ट्र ओलांडून मध्य प्रदेशात शिरते. बंदर बांधले तेव्हा यांपैकी एकही राज्य आजच्या रूपात नव्हते. रेघ मात्र हीच होती, आणि तिच्यावरून जाणारे ओझे कोणीतरी डोक्यावर उचललेले होते.