शनिवारी घाणा बंद: बेने इस्राएल गेले कुठे?

चाळीसगावात ‘ज्यू’ म्हटलं की कुणी ना कुणी विचारतंच, “म्हणजे आपले केकी मूस?” नाही भो, केकी मूस पारशी. ज्यू वेगळे. आणि महाराष्ट्रातल्या जुन्या ज्यूंची तर घरची भाषाच मराठी. त्यांना म्हणतात बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं.

त्यांची आख्यायिका अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. शतक कोणतं, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू देत. ही माणसं आजच्या रायगड जिल्ह्यात गावोगाव पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. आपण खान्देशी, तेलाचं आपल्याला काय सांगायचं! पण यांचा घाणा शनिवारी बंद. म्हणून लोकांनी नाव पाडलं, शनिवार तेली. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड आठवतात? डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली होती. राहिलं काय? शनिवार, सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम. सांगतात की डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवलं असलेले तेवढेच उचलले, आणि त्याला खूण पटली. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण ओळख स्वयंपाकघरात टिकते हे मला तरी पटतं. सणांची नावंही बघा ना. योम किप्पूरला ते म्हणत दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. आणखी एक होता बिरड्याचा सण! प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा करायचा, त्यात पोहे, गूळ, खोबरं. एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधल्या गोष्टींवर मराठी कीर्तनं रंगायची.

१७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे लष्कर, रेल्वे, पोस्ट, दवाखाने. नोकरी नेईल तिकडे ही मंडळी गेली, पार कराची आणि एडनपर्यंत. खान्देशात रेल्वे आली, भुसावळसारखं मोठं ठाणं झालं, पण सिनेगॉग उभं राहील एवढी वस्ती इथे जमली नाही.

आता आकडे. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून साधारण साडेसव्वीस हजार ज्यू होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात उरले जेमतेम अडीच हजार. कुणी हाकललं? नाही. युरोपात ज्यूंचं जे झालं, तसं इथे काही घडलं नाही. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत असलेलं जेरुसलेम अचानक बोटीच्या-विमानाच्या अंतरावर आलं. आधी एक भाऊ गेला, मग दुसरा, मग आई-वडील. मागे राहिलेल्यांना मुलांसाठी स्थळं मिळेनात, म्हणून तेही निघाले.

आणि तिथे काय झालं? भेदभावाला कंटाळून काही कुटुंबांनी आम्हाला परत पाठवा म्हणत धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये ती खरंच भारतात परतली. (त्यातली बरीचशी पुढे पुन्हा तिकडे गेली, हेही सांगायला हवं.) १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने हुकूम काढला, की बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. म्हणजे शेकडो वर्षं एकट्याने शनिवार पाळला, आणि आपल्याच लोकांत पोहोचल्यावर प्रश्न काय, तर तुम्ही खरे ज्यू का? लोक रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत.

इकडे महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो थेट २०१६ मध्ये. तोवर सरकारी नोंदीत धर्माच्या रकान्यात त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा ‘इतर’ एवढंच यायचं. तिकडे इस्राएलमध्ये मात्र त्यांनी मराठी नियतकालिक काढलं. नाव ठेवलं ‘मायबोली’.

अलिबागला गेलात तर नुसत्या बीचवर फोटो काढून येऊ नका. गावात कुणालाही इस्राएल आळी विचारा, तिथलं सिनेगॉग बघून या.