बाहुलीचा हात

तंजावूरच्या बाजारात कागदाच्या लगद्याची एक नर्तकी विकावयास मांडलेली असते. मस्तक, धड आणि घेरदार घागरा हे तिचे भाग एकमेकांवर नुसते तोललेले असतात. बोटाने किंचित स्पर्श करावा, की मान डोलते, कंबर लचकते. तमिळमध्ये तिला ‘तलैयाट्टी बोम्मै’, म्हणजे मान डोलावणारी बाहुली, म्हणतात. पाहणाऱ्यास मौज वाटते. परंतु ती गोष्ट सांगत नाही. तिच्यापाशी हालचाल आहे, अभिनय नाही.

गोष्ट सांगते ती तमिळनाडूतील दुसरी बाहुली, कातड्याची. शेळीचे कातडे पारदर्शक होईतो कमावून ते कोरतात, रंगवितात. खांदा आणि कोपर दोऱ्याने सांधतात. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि बहुधा एकच सूत्रधार. रामाचा आवाज त्याचा, रावणाचाही त्याचाच. सीतेचा हात कपाळाकडे किती सावकाश न्यावयाचा, हेही तोच ठरवितो.

श्रोतेहो, हा खेळ करणाऱ्या कुटुंबांची घरची भाषा मराठी आहे! १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावुरास स्थापिलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या राजवटीत आपले पूर्वज दक्षिणेत आले, असे ही मंडळी परंपरेने सांगतात. शहाजीराजांसारख्या राजांनी रचिलेली मराठी नाटके सरस्वती महालात पोथ्यांच्या रूपाने सुरक्षित राहिली. या कलावंतांची मराठी मात्र कोणत्याही पोथीत नाही. पडद्यापुढे ऐकू येते ती तमिळ. मराठी राहिली पडद्यामागे, बापलेकांच्या बोलण्यात.

शेजारच्या केरळात, पालक्काड येथे, २०२१ साली अशाच छायाबाहुल्या यंत्रमानवाच्या हातांनी नाचविण्याचा प्रयोग झाला. यंत्राचा हात थकत नाही, चुकतही नाही. नव्या पिढीचे कुतूहल त्याने जागे होत असेल, तर त्याचे स्वागतच करावे. परंतु नेमून दिलेला क्रम तो पुरा करील. पुढच्या रांगेतील मूल भ्याले म्हणून रावणाचा उगारलेला हात क्षणभर थोपविणे, ही जाण सूत्रधाराची. ती बाप मुलाला देतो, आणि इथे ती मराठीतून देतो. ते हात रिकामे झाले, तर खेळाबरोबर पडद्यामागची ही भाषाही मावळेल. बाहुल्या संग्रहालयात ठेवता येतील. ते बोलणे ठेवता येणार नाही.